रायलीची शेवटची तुकडी

रायली हापानेन कॅनडातल्या थंडर बे गावच्या एका मालवाहतूक कंपनीत एकतीस वर्षं होती. लागली तेव्हा मालाच्या पावत्या टाइप करायची. मग ऑफिसात पहिला सर्व्हर आला. तो बसवायला आलेला टोरांटोचा माणूस वादळाच्या धास्तीने काम अर्धवट टाकून विमानाने परत गेला आणि मागे एक जाडजूड माहितीपुस्तक ठेवून गेला. रायलीने ते घरी नेलं, पंधरा दिवस जेवता-खाता वाचलं आणि सर्व्हर चालू केला. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पावत्या अडून पडल्या होत्या, एवढंच तिला दिसत होतं.

तेव्हापासून कंपनीचं सगळं जाळं तिच्या हाताखाली वाढलं. केनोरा, ड्रायडन, मॅराथॉन, जिथे जिथे गोदाम होतं तिथले संगणक थंडर बेच्या तळघरातल्या सर्व्हरना जोडलेले. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मदतकक्षातली चार-पाच माणसं ती दर पाचेक वर्षांनी निवडायची आणि बारा आठवडे शिकवायची. सर्व्हर उभा कसा करायचा, प्रत्येक यंत्राला पत्ता कसा द्यायचा, कुणाला कुठवर शिरू द्यायचं, रोजच्या कामाची प्रत कशी साठवायची. अशी तेवीस माणसं तिने तयार केली. नवरा रेइनो लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. शनिवारी सॉनाचं वाफस्नान, रविवारी बहिणीकडे पॅनकेक, आणि उरलेले पाच दिवस ते तळघर.

तिचा वर्ग भरायचा एका अडगळीच्या खोलीत. भंगारात निघालेले सहा सर्व्हर तिने तिथे मांडले होते. शिकणारे जेवायला गेले की ती गुपचूप एखादी वायर काढून ठेवायची, नाहीतर एखाद्या यंत्राला चुकीचा पत्ता द्यायची, आणि ते परतले की 'बिघाड शोधा' म्हणून हाताची घडी घालून उभी राहायची.

शेवटच्या तुकडीत चौघं होते. त्यातला गॉर्ड मिखालुक बावन्न वर्षांचा. पंचवीस वर्षं कागदगिरणीत काढलेली. गिरणी बंद पडल्यावर मदतकक्षात फोन उचलायला लागला. त्याची बोटं एवढी जाड की वायरीच्या टोकाची चिमुकली टोपी बसवताना दर वेळी तुटायची.

"मास्तरीणबाई, हे म्हणजे मुंगीला बूट घालणं झालं," तो म्हणायचा.

"मग घाल. फक्त उजव्या पायातला उजव्यातच जाऊ दे."

गॉर्ड सगळं वहीत लिहायचा, रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढायचा. तिसऱ्या आठवड्यात तिने काढून ठेवलेली वायर त्याने सर्वांच्या आधी शोधली आणि दिवसभर कॉरिडॉरमध्ये शीळ घालत फिरला.

पाचव्या आठवड्यात, जानेवारीत, स्पेन्सर टेट या व्यवस्थापकाने रायलीला केबिनमध्ये बोलावलं. पोरगा पस्तिशीचा, वागायला मऊ.

"तळघर बंद होतंय," तो म्हणाला. "मार्चअखेर सगळं टोरांटोच्या एका कंत्राटी कंपनीकडे जाईल. मदतकक्षसुद्धा. तुम्हाला आधी सांगतोय, कारण सगळ्या सर्व्हरची यादी तुमच्याशिवाय कुणाला करता येणार नाही."

रायली म्हणाली, "माझ्या वर्गाचं काय?"

"चालू ठेवा."

"कशाला?"

"आता थांबवला तर त्यांना कळेल. लोक आत्ताच निघून गेले तर मार्चपर्यंत फोन कोण उचलणार?" त्याने एक कागद पुढे सरकवला. जाहीर होईपर्यंत कुणाशी बोलणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. बोललं तर नोकरी त्याच दिवशी जाणार होती. तिची पूर्ण पेन्शन बसायला सात महिने राहिले होते. तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली आणि शिकवलं. आवाज तोच, फळाही तोच. सकाळी ती खऱ्या सर्व्हरची यादी करायची, दुपारी त्यांची निगा कशी राखायची ते चौघांना सांगायची. चौघं माना डोलावत उतरवून घ्यायचे. एकदा मधेच ती अडखळली. गॉर्डने पाण्याची बाटली पुढे केली. "घसा बसला असेल. एवढं कुणी मन लावून शिकवतं का?" तो म्हणाला. पाणी पिऊन तिने पुढचं वाक्य सुरू केलं.

आठव्या आठवड्यात गॉर्ड वर्ग सुटल्यावर मागे थांबला.

"बंदरावरच्या धान्यकोठारात दुरुस्तीचं काम मिळतंय. मेव्हण्याने शब्द टाकलाय. शुक्रवारपर्यंत सांगायचंय."

"मग?"

"आर्लीन म्हणते, घे. पण तिथे गेलो तर हे सगळं अर्ध्यावर राहतं. आणि खरं सांगू, गिरणीनंतर पहिल्यांदाच वाटतंय की मला काहीतरी येतं." त्याने टोपी हातात फिरवली. "तू इतकी वर्षं इथे आहेस. इथे माझं काही होईल का? तू सांगशील तसं करतो."

दार उघडं होतं. बाहेरून कुणी जात नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि गॉर्डने ते कुणाला कळू दिलं नसतं, हेही तिला माहीत होतं.

"शिक्षण पुरं केलंस तर कुठेही उपयोगी पडेल," ती म्हणाली.

"म्हणजे थांबू?"

"ते तुझं तू ठरव, गॉर्ड."

तो हसला. त्याला तो होकारच वाटला. शुक्रवारी त्याने धान्यकोठाराला नाही म्हणून कळवलं आणि तिला ते सांगायला मुद्दाम खाली आला.

परीक्षेत तिने प्रत्येकाचा सर्व्हर पार मोडून ठेवला होता. साठवलेल्या प्रतीवरून तो पुन्हा उभा करायचा होता. गॉर्डने पन्नास मिनिटांत केला. आधीच्या तेवीस जणांत आणि या चौघांत एवढ्या लवकर कुणालाच जमलं नव्हतं. त्याने ड्रायडनची एक जुनी पावती उघडून दाखवली आणि खुर्चीत मागे रेलला. रायलीने कागदावर गुण लिहिले.

पुढच्या सोमवारी जेवणाच्या खोलीत स्पेन्सरने सगळ्यांना एकत्र करून सांगितलं. अकरा माणसांची नोकरी जाणार, हातात तीन आठवडे. टोरांटोच्या लोकांना काय द्यायचं त्याची यादी त्याने वाटली. शेवटच्या पानावर ती तयार करणारीचं, रायलीचं, नाव होतं आणि तारीख होती.

गॉर्डने ते पान बराच वेळ पाहिलं. मग रायलीच्या टेबलाशी आला.

"जानेवारी?"

"हो."

"मी तुला फेब्रुवारीत विचारलं होतं."

"हो."

"मला वाटलं तू शिव्या तरी देशील. स्वतःला, त्यांना, कुणाला तरी." त्याने पानाची घडी घातली. "गप्प राहायची सही केली होतीस?"

"पेन्शनला सात महिने होते."

"बरं," तो म्हणाला. पानाची घडी तिच्या टेबलावर ठेवून तो निघून गेला. धान्यकोठारातली जागा केव्हाच भरली होती.

मार्चच्या शेवटी रायलीने एकेक सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद केला. पंखे थांबत गेले तसं तळघर इतकं शांत झालं की वरच्या मजल्यावरची पावलं ऐकू यायला लागली. कंपनीने तिला कागदपत्रांसाठी ऑगस्टपर्यंत ठेवलं, पेन्शन बसली. गावातल्या कॉलेजाने हाच विषय शिकवायला बोलावलं. तिने दोनदा नाही सांगितलं. तिसऱ्यांदा फोन उचलला नाही.

नोव्हेंबरमध्ये ती गावातल्याच वेस्टफोर्ट भागात गॉर्डच्या घरी गेली. दार आर्लीनने उघडलं. तो उत्तरेकडच्या एका खाणीत होता, कामगारांच्या भोजनगृहात भांडी घासत. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी.

"मला त्याच्याशी बोलायचं होतं," रायली म्हणाली.

"तो बोलणार नाही." आर्लीनच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "त्याने त्या वह्या जाळल्या. मी म्हटलं, राहू दे, चित्रं छान आहेत. ऐकलं नाही."

रायली एक पायरी वर चढली. आर्लीन म्हणाली, "थंडी आत येतेय," आणि दार लावून घेतलं.