बाबा, रोज येऊ नका

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला इंजिनिअर होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. हारतुरे झाले, शाल मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, बूट घालून ते सिडकोतल्या घराच्या पायरीवर येऊन बसले.

आईने विचारलं, "कुठे निघालात?"

"कुठे नाही," म्हणाले. पण बूट काढले नाहीत.

या माणसाला रिकामं बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. मी शाळेत असताना ते कामावरून आले की डबा मोरीत ठेवायचे आणि तसेच माझ्या सायकलपाशी जाऊन उकिडवे बसायचे. चेन घट्ट करायचे, ब्रेक बघायचे. पेपर कसा गेला हे विचारायचं त्यांना सुचायचं नाही, पण परीक्षेच्या दिवशी सायकलला हमखास तेल घातलेलं असायचं.

माझं सासर पंचवटीत. निवृत्तीनंतर महिन्याभरात बाबा रोज दहाच्या सुमारास स्कूटरवरून आमच्याकडे यायला लागले. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात पाने, पक्कड, टेस्टर. आधी पंख्याचा रेग्युलेटर झाला, मग दारांच्या बिजागऱ्या, मग सासऱ्यांची कुरकुरणारी खुर्ची. नादुरुस्त काही उरलं नाही तेव्हा ते चालू वस्तू उघडू लागले. "आवाज जरा वेगळा येतोय," म्हणत मिक्सर उघडला, तेव्हा मी स्वयंपाकघरात मान खाली घालून उभी होते. सासूबाई काही बोलत नसत, आणि त्या बोलत नाहीत याचंच मला दडपण यायचं. एकदाच म्हणाल्या, "तुझ्या बाबांना घरी करमत नाही का गं?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवरच्या टाकीची मोटर आपोआप बंद होईल अशी सोय केली. टाकी भरली की आतला गोळा तरंगत वर येणार आणि मोटर थांबणार. आठ दिवस छान चाललं. नवव्या दिवशी गोळा अडकला. टाकी वाहिली, आणि गच्चीत जुन्या साडीवर सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून घातलेल्या. सगळ्याची लापशी झाली.

बाबा नेमके तेव्हाच आले. पाण्यातच बसून म्हणाले, "माझी चूक. गोळ्याची दांडी लांब झाली." आणि लगेच पिशवी उघडून पाना शोधू लागले. सासूबाई ओठ मिटून साडी पिळत होत्या. मला ते दोघं एका गच्चीवर बघवेनात. मी बाबांना खाली घेऊन आले आणि फाटकाशी म्हणाले, "बाबा, रोज येऊ नका. लोकांचं घर आहे."

त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. मग पँटला हात पुसले. "बरोबर आहे," म्हणाले. स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली.

चार दिवस मला हायसं वाटलं. पाचव्या दिवसापासून दहा वाजले की कान फाटकाकडे लागायचे. हातातलं काम सोडून उगाच बाहेर डोकावून यायचे. फोन मात्र केला नाही. काय बोलणार होते?

तीन आठवड्यांनी आईचाच फोन आला. "अगं, एखाद्या दिवशी तरी त्यांना जेवायला घरी पाठव. रोज तुझ्याकडेच जेवतात, विहीणबाईंना किती त्रास!"

मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. मग बाबा रोज जात कुठे होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी रिक्षा करून सिडकोत गेले आणि कोपऱ्यावर थांबले. बाबा निघाले तशी रिक्षा मागोमाग न्यायला लावली. त्यांनी स्कूटर एसटी स्टँडबाहेर लावली आणि येवल्याच्या गाडीत चढले. मीही चढले. त्यांच्या शेजारी बसून म्हणाले, "बाबा."

ते दचकले नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन मला खिडकी दिली. "तिकीट काढ विंचूरचं," म्हणाले. बरंच पुढे गेल्यावर हळूच, "आईला सांगू नकोस."

"काय सांगू नको?"

"तिथे वाईनचा नवा कारखाना आहे. बाटल्या भरायचं परदेशी मशीन आणलंय, धड कोणालाच चालवता येत नाही. माझ्या हाताखालचा जुना फिटर आहे तिथे, त्याने बोलावलं."

आईच्या गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद. मला हसू आलं. बाबा हसले नाहीत. "मी मशीन बघतो," म्हणाले. "बाटलीत काय जातं, ते बघत नाही."

निफाड मागे पडलं. त्यांचा उजवा पाय सारखा हलत होता. "बाबा, या ना परत आमच्याकडे," मी म्हणाले.

"येईन की. रविवारी येईन."

विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून ते पुढे पुढे चालत होते, मी मागे. कारखान्याच्या दाराशी एकजण धावत आला, "साहेब, कालपासून बाटली तिरकी येतेय!" बाबा जवळजवळ पळतच आत गेले. मी येते म्हणायचं राहूनच गेलं. समोरून आलेली गाडी पकडून परत फिरले.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली.

"तू त्यांना येऊ नका म्हणालीस? मला विचारायचं तरी! कुरडया काय, दुसऱ्या घातल्या की मी. मला वाटलं माझंच काही चुकलं म्हणून ते येत नाहीत."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, त्यांना करमत नाही का..."

"विचारलं होतं. आमच्या ह्यांनाही रिटायर झाल्यावर वर्षभर करमेना, म्हणून विचारलं."

रविवारी बाबा आले. आईला घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, खाकी पिशवी घरी ठेवून. सोफ्याच्या कडेला बसून चहा घेतला, चिवडा घेतला, चांगला झालाय म्हणाले. सासूबाई मुद्दाम जुनी इस्त्री घेऊन आल्या. "बघा ना जरा, तापतच नाही."

त्यांनी ती उलटसुलट केली आणि टेबलावर ठेवली. "दुकानात दाखवा, विहीणबाई. गॅरंटीत असेल." इस्त्री दहा वर्षांची होती. त्यांचा पाय फरशीवर हलतच होता.

आमच्या घरातली एकही वस्तू त्यांनी पुन्हा उघडली नाही.

विंचूरला ते दोन वर्षं गेले. आईला कधीतरी कळलंच. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी डबा भरून दिला. पुढे गुडघ्यांनी ते जाणं थांबवलं, आणि काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने त्यांना दवाखान्यात आणलं. एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. कितीतरी दिवस घोळवलेलं वाक्य मी काढलं, "बाबा, त्या दिवशी फाटकाशी मी..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. नजर सलाईनच्या बाटलीवर होती.

"थेंब फार भरभर पडतायत," म्हणाले. "सिस्टरला बोलाव."

मी उठून गेले. सिस्टर दुसऱ्या वॉर्डात होती. तिला घेऊन येईपर्यंत बाबांनी कूस बदलली होती, डोळे मिटले होते, आणि पांघरुणाबाहेर आलेला पाय हळूहळू हलत होता. दोन दिवसांनी ते गेले.