पहिलं सूप कोणी सोडायचं?

मंडळी, तळ्यावरून आत्ताच घरी आलेय. सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

बेंगळुरूकडच्या आनेकलजवळच्या आमच्या गावात आता लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहती झाल्यात, माणसं नवी आहेत. यंदा तळं काठोकाठ भरलं, म्हणून बायकांनी बागिन द्यायचं ठरवलं. म्हणजे सुपात हळदकुंकू, बांगड्या, फळं ठेवून तळ्याची ओटी भरायची. पहिलं सूप सोडायचा मान माझ्या सासूबाईंचा. सगळे त्यांना अक्का म्हणतात.

सूप हातात घेऊन अक्का बोलू लागल्या. "साठ सालानंतरची गोष्ट. मी नवी सून. पावसानं ह्या तळ्याचा बांध फुटायला आला. सासूबाई म्हणाल्या, आपल्या सुना बाहेर पडत नाहीत. तेवढ्यात शेजारची मुनियम्मा दारात आली, 'बा अक्का, चल ताई, माती वाहायला हात हवेत!' मी पदर खोचला आणि निघाले. बांध टिकला. नंतर बागिनाला गावानं पहिलं सूप माझ्या हाती दिलं. तोवर मी 'मराठ्यांची सून' होते, त्या दिवसापासून गावची झाले."

 अक्कांनी मागं वळून पुण्याहून लेआउटमध्ये नुकत्याच राहायला आलेल्या स्नेहाला पुढं बोलावलं आणि सूप तिच्या हाती दिलं.

"मी? मला इथलं काहीच माहीत नाही हो."

"मलाही नव्हतं. स्वल्प, थोडीशी वाक, आणि सोड."

स्नेहानं सूप पाण्यावर ठेवलं, तिचे डोळे भरून आले. अक्का ताठ उभ्या होत्या. इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

तुमच्या घराजवळच्या तळ्याची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलीय का?