नथ्थूभाऊंचा खरारा

रिठदचे नथ्थूभाऊ वांगी-मेथी पिकवतात, पण गावात त्यांची ओळख खराऱ्यामुळे. लोखंडी दातांचा तो खरारा कायम त्यांच्या बंडीच्या खिशात. वाटेत कुणाचंही जनावर दिसलं की भाऊ थांबणार, त्याचं अंग खाजवून देणार, मगच पुढे जाणार. फुलचंदचा बैल तर त्यांना पाहून लांबूनच मान पुढे करी.

त्यांच्या गाभण गाईला, चांदीला, खरूज लागली. मानेवरचे केस गळाले, कातडी जाडसर होऊन सुरकुतली. खुंट्याला घासून घासून तिनं रक्त काढलं. जनावरांच्या डॉक्टर शुभांगीताईंनी सुई दिली. भाऊंनी गोठ्याला चुना फासला, खालचं गवत जाळलं. चांदी बरी झाली आणि थोड्या दिवसांनी पुन्हा खाजवू लागली. वेत तर तोंडावर आलेलं. वासराला अशा आईपाशी सोडायचं कसं, या काळजीनं भाऊंना घास उतरेना.

"चुना देल्ला, गवत जाळलं. आता काय गोठाच पेटवू, मॅडम?"

डॉक्टरांचं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. लाल पुरळ होतं.

"हे काय, भाऊ?"

"मच्छर चावले असतीन."

"मच्छर कायचे!" भाऊंच्या पत्नी कस्तुराबाई दारातून म्हणाल्या. "सारं धुतलं, खरारा तेवढा राह्यला. हिले करतेत, मंग फुलचंदच्या बैलाले, मंग पुन्हा हिले. परसाद वाटून राह्यले गावभर!"

"मी तं जीव लावून करत होतो वं."

"किडीलेबी तुमचा जीव लागला मंग!"

डॉक्टर हसल्या. "बरोबर बोलल्या काकू. खरारा उकळा, आणि फुलचंदचा बैलही दाखवा."

भाऊ स्वतःच फुलचंदकडे गेले आणि त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"म्हंजे माया बैलाले तुमची सोयरीक नडली म्हना!" असं म्हणत फुलचंदनं बैल सोडला आणि दोघं मिळून त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

चांदी व्याली तोवर तिच्या मानेवर मऊ लव उगवली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "सोडा वासरू खुशाल." भाऊंचा हात सवयीनं खिशाकडे गेला.

"काहाडाल तं पाहा!" कस्तुराबाई ओरडल्या.

"रिकामा हाय वं खिसा."

भाऊ उकिडवे बसले. आपल्या खरबरीत जिभेनं चांदी वासराला शेपटीपासून कानापर्यंत चाटत होती. इतका चांगला खरारा आपल्यालाही कधी जमला नव्हता, असं त्यांना वाटलं.