न भिजवलेले ब्लॉक

आमच्या धंद्यात एक साधी खूण आहे. तपासायला आलेला ब्लॉक टेम्पोतून, चिखलासकट, दोन कोपरे उडालेला आला, तर तो बांधकामावरचा. मोटारीच्या डिकीतून जुन्या चादरीत गुंडाळून आला, तर तो निवडून आणलेला. ही खूण मला पंचवीस वर्षं ठाऊक आहे आणि पंचवीस वर्षं मी दोन्ही ब्लॉक सारख्याच चेहऱ्याने उतरवून घेतले. प्रयोगशाळेचं काम ब्लॉक फोडण्याचं, चौकशा करण्याचं नाही, असं आम्ही एकमेकांना सांगत असू. सोयीचं तत्त्व कोणाला नको असतं?

शहराबाहेर मांजरी गावात इमारत बांधणाऱ्या एका बिल्डरचा माणूस असेच चादरीतले बारा ब्लॉक घेऊन आला. साखर कारखान्याच्या बॉयलरमधली राख, थोडा चुना, नावापुरतं सिमेंट आणि उसाच्या चिपाडाचा भुसा. मला खरं तर ही कल्पना आवडायची. विटांसाठी शेतांची माती खरवडायची आणि राखेचे ढीग वाऱ्यावर उडू द्यायचे, यात कसलं शहाणपण? राखेचा ब्लॉक नीट बनवला तर चांगला टिकतो, मी स्वतः फोडून पाहिलेत. नीट बनवला तर.

असा ब्लॉक फोडण्याआधी एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा असतो. कोरडा असेतो झाकली मूठ सव्वा लाखाची. तो माणूस म्हणाला, "साहेब, कोरडेच फोडा की. आतल्या भिंतींना कुठं पाणी लागतंय?" आमच्या मालकांनी आधीच मान डोलावलेली होती, आणि मी काही त्यांच्याशी भांडायला जन्मलो नव्हतो. बाराही ब्लॉक कोरडेच मशीनखाली घातले. आकडे झकास आले. अहवालात मी लिहिलं : नमुने ग्राहकाने आणून दिलेले, चाचणी कोरड्या अवस्थेत. एक अक्षर खोटं नाही. खाली सही ठोकली.

चार महिन्यांनी ताईचा फोन आला. माझी थोरली बहीण शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, एकटी, उभा जन्म पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेला. ती मांजरीला घर बघायला गेली होती, आणि तिथल्या ऑफिसच्या भिंतीवर माझा अहवाल चौकटीत लावलेला होता.

"तुझी सही लगेच ओळखली," ती हसत म्हणाली. "प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकायचास, तेव्हापासून ओळखते. घेऊ ना रे हे घर? सगळी पुंजी जाणार आहे माझी."

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती. पण ती दोन वाक्यं म्हणजे माझ्या सहीला अर्थ नाही अशी कबुली होती, आणि ती ज्या अभिमानाने बोलत होती तो मला हवाहवासा वाटला. मी म्हणालो, "रिपोर्टमध्ये काही वांधा नाही." ताईने दुसऱ्याच दिवशी घर ठरवलं.

ती राहायला गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तिच्या स्वयंपाकघराची, न्हाणीघराला लागून असलेली भिंत ओली दिसू लागली. बिल्डरने दोनदा रंग मारून दिला. मग एका सकाळी त्या भिंतीवरची मांडणी स्क्रूसकट खाली आली. ताई तेव्हा दुधाची पिशवी घ्यायला दारात गेली होती, म्हणून वाचली. मी पोचलो तेव्हा ती डाळ-तांदूळ वेगळे करत बसली होती. भिंतीला पडलेल्या भोकातून मी ब्लॉकचा तुकडा काढला आणि बादलीतल्या पाण्यात टाकला. आम्ही जेवलो, चहा घेतला. संध्याकाळी तुकडा बाहेर काढला, तर त्याची कड बोटांनी सहज निघून आली. मशीन लागलंच नाही.

ताई पाहत होती. "हे तू तेव्हा केलं नव्हतंस?"

"कोरडी चाचणी होती. अहवालात तसं लिहिलंय."

"हो का? म्हणजे चूक माझीच. अहवाल चष्मा लावून वाचायचा असतो, भाऊ आहे म्हणून नाही."

मी भिंत पाडून नवी बांधून देतो म्हणालो. ती म्हणाली, "इमारतीत बेचाळीस घरं आहेत. सगळ्यांच्या भिंती बांधशील?" मला तिचा राग आला, हे लिहायला लाज वाटते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त चहाचे कप उचलले आणि विसळायला घेतले.

नंतर कळलं, तिने सगळ्या रहिवाशांना गोळा केलं, भिंतीतले ब्लॉक काढवले आणि स्वतः रिक्षातून दुसऱ्या प्रयोगशाळेत नेले. मला विचारलं नाही. दोन महिने फोन नव्हता. मग एका दुपारी आला. आवाज नेहमीचाच.

"तक्रारीचा अर्ज भरतेय. बिल्डर झाला, त्याचा इंजिनिअर झाला. आता अहवालावर सही करणाऱ्याचं नाव घालायचंय. तुझं पद नेमकं काय लिहायचं?"

मी सांगितलं. तिने सावकाश लिहून घेतलं आणि बरोबर आहे ना, म्हणून मला परत वाचून दाखवलं.