पाचपरतावणाची फिल्म

"कोमट हाय. पळू द्या अजून," असं म्हणत ते सीपीयूला हाताची मागची बाजू लावायचे, लेकराच्या तापलेल्या कपाळाला लावतात तशी.

आळेफाट्याला लग्नाच्या फिल्म एडिट करून देण्याचं त्यांचं दुकान होतं. मी त्यांच्यासाठी कॅमेरा धरायचो. तुम्हाला ठाऊकच आहे, लग्नानंतर पाचपरतावणाला मुलगी माहेरी येते. त्या दिवशी फिल्म तिच्या हातात पडलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणून सीपीयूतल्या ज्या ग्राफिक्स कार्डावर फिल्म तयार व्हायची, त्याचा वेग त्यांनी कंपनीने ठरवलेल्याच्या कितीतरी वर नेला होता. ते तापायचं. मग सीपीयूचं झाकण काढून, खाली विटा लावून त्यांनी त्याची कांद्याची चाळ केली. वारं लागलं की माल टिकतो, हा आळेफाट्याच्या कांदेवाल्या शेतकऱ्याचा हिशेब. अशानं कार्डाचं आयुष्य घटतं, असं मी कुरकुरायचो.

"भाऊ, नवरीला काय सांगू? कार्ड दमलंय म्हणून?"

आणि खरंच, एकाही नवरीला त्यांनी ताटकळत ठेवलं नाही.

मग त्यांच्याच लेकीचं लग्न निघालं. वहिनी आजाराने अंथरुणाला खिळलेल्या, मांडवात येणं शक्यच नव्हतं. पाचपरतावणाला लेकीशेजारी पडून सगळं बघीन, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. यांनी वेग आणखी चढवला. भर उन्हाळा. पाचपरतावणाच्याच दिवशी सकाळी स्क्रीनवर हिरव्या रेघा उमटल्या आणि सगळं बंद पडलं. हात लावला तर चटका बसला.

कॅमेऱ्यातलं आहे तसं वहिनींना दाखवू, असं मी म्हणालो.

"साऱ्या गावाला नटवून दिलं. तिला कच्चं दाखवू व्हय?"

पुण्याहून नवं कार्ड येईपर्यंत वहिनी गेल्या.

मला अजून त्यांचा राग येतो, आणि लगेच वाईटही वाटतं. परक्यांच्या लेकींसाठी त्यांनी त्या कार्डाचा जीव काढला, आणि घरची वेळ आली तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं.

नव्या कार्डाचा वेग त्यांनी वाढवला नाही. फिल्म तयार झाली तेव्हा मी दुकानातच होतो. स्क्रीनवर लेकीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या. ते तिकडे बघतच नव्हते. हात सीपीयूवर होता.

"लई गार चालतंय, भाऊ," एवढंच म्हणाले.

आता ते लेकीकडे नाशिकला असतात. दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. फिल्म ते माझ्याकडे ठेवून गेले. लेकीने ती अजून मागितलेली नाही.