जिनिंगकडे कान

साठच्या दशकात नंदुरबारला कापसाच्या जिनिंगशेजारी रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या गिटारसाठी तो काचेच्या दोन व्हॉल्व्हचा छोटा अँप्लिफायर बनवत होता. काम करताना त्याचा पाय सतत हलायचा. चहासुद्धा तो उभ्यानंच प्यायचा. त्याच्याकडे बघून मलाच बसवायचं नाही.

व्हॉल्व्ह आपोआप सावरून घेईल अशी सोपी जोडणी होती. पण तिच्यात आवाजाचा जोर जरा कमी होतो, म्हणून ती त्याला नको होती. त्याने बॅटरी जोडून व्हॉल्व्हला बाहेरून एकच ठरावीक आवर घातला. दुपारभर सगळं झकास चाललं. संध्याकाळी जिनिंग थांबली, तारांवरचा तिचा भार उतरला, व्होल्टेज एकदम वाढलं आणि व्हॉल्व्ह आतून लालबुंद झाले. त्याने धावत जाऊन वीज तोडली.

"लगाम तोच शे भाऊ," घाम पुसत तो म्हणाला, "पन घोडं संध्याकाळले बदली जास."

मग तो आवर कमीजास्त करायला त्याने एक बटण बसवलं. गल्लीतल्या लग्नात मी वाजवलं, तेव्हा तो त्या बटणावर हात ठेवून शेजारी उभा होता. लोकांनी एक गाणं पुन्हा वाजवायला लावलं. जिनिंग त्या दिवशी थांबलीच नाही, बटण फिरवायची वेळ आली नाही.

"कसा वाटला आवाज?" मी विचारलं.

तो दचकला. "गानं व्हय? मी तं जिनिंग आयकी ऱ्हायंतू."