पाठीवरची पिशवी

कापूस वेचायची पिशवी पाठीवर लावावी, असं ज्याला सुचलं त्याच्या पाठीला हात फुटलेले असावेत. हे वाक्य मी कंपनीच्या साहेबाला फोनवर ऐकवलं, आणि सिंदी रेल्वे या गावातल्या माझ्या चार शिलाई मशीनचं सबंध हंगामाचं काम धोक्यात घातलं.

साहेबाची कंपनी पुण्याची. वेचणाऱ्या बायांसाठी त्यांना नवी पिशवी काढायची होती आणि शिवणार होते मी. त्यांची तरुण डिझायनर इकडे आली. गोड पोरगी. तिने मला 'डिझाइन थिंकिंग' समजावलं: आधी वापरणाऱ्याचं ऐकायचं, नमुना करून त्याच्या हातात द्यायचा, पुन्हा ऐकायचं. मला फारच पटलं. माप घेतल्याशिवाय ब्लाऊज कापू नये, हे मी जन्मभर सांगत आलेय. त्याला इंग्रजी नाव आहे हे ठाऊक नव्हतं.

पण ऐकलं कसं? बायांना समाजमंदिरात खुर्च्यांवर बसवलं, नमुने आणि रंगीत चिठ्ठ्या वाटल्या, चहा दिला.

"कशी वाटली?"

"चांगली हाय."

"काही त्रास?"

"काईच नाई वो!"

भिंत हसऱ्या चेहऱ्यांच्या चिठ्ठ्यांनी भरली. दुरून आलेल्या पाहुणीच्या वस्तूला तिच्या तोंडावर नावं ठेवायची आमच्याकडे रीत नाही. शेतात चाचणी झाली तेव्हा तर बायांनी कमालच केली. पाहुणीचा मान राखायला त्या एकीमागे एक चालल्या आणि प्रत्येकीने आपला कापूस पुढचीच्या पाठीवर टाकला. सगळ्यात पुढची बिचारी आपला कापूस गुपचूप पदरात कोंबत होती. पोरीने फोटो काढले. खाली लिहिलं, 'टीमवर्क'.

साहेबाने पिशवी मंजूर करून पोरीबरोबर कापड पाठवलं. तेव्हाच मी ते हातांचं वाक्य बोलले.

"नसेल शिवायची तर दुसरीकडे देतो," साहेब म्हणाला.

पोरगी रडवेली झाली. "ताई, सगळ्यांना आवडलीय हो."

"मग उद्या सकाळपासून दुपारपर्यंत तू ती लावून वेच, बायांच्या बरोबरीने. तरीही आवडली तर मुकाट्याने शिवते. नाही तर हे कापड घेऊन जा."

माझ्या मशीनवरच्या बायांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुकानच पेटवलंय. आतून मीही टरकले होते. पण चेहऱ्यावर दिसू दिलं असतं तर ती मी कसली?

दुसऱ्या दिवशी पहिला अर्धा तास "राहू द्या म्याडम, हात खरचटतीन" असं चाललं. मग पोरगी मागे पडली, मान मुरडून पिशवीचं तोंड शोधू लागली, आणि कापसात पालापाचोळा भरू लागला. टोळीतली सगळ्यात मोठी मावशी खवळली.

"काऊन वो पोरी, कचरा काऊन भरून राह्यली? मांगं काय पाह्यतं?"

"पिशवी मागे आहे ना, मावशी!"

"मंग मांगं काऊन बांधली? पऱ्हाटीचा कापूस तं समोर हाय!"

सगळ्या खदखदून हसल्या आणि मग कुणाचंच तोंड आवरेना. चेनमध्ये कापूस अडकतो. रिकामी करायला ती डोक्यावर उपडी धरावी लागते. कमरेच्या लुगड्याच्या ओटीची एक गाठ सोडली की सगळा कापूस ढिगावर, मग हे कशाले?

पोरीने पिशवी काढली. पाठ घामाने चिंब. "हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तवा तू पाहुणी होती," मावशी म्हणाली. "आता मजूर हायेस."

पोरीने तिथूनच साहेबाला फोन लावला, स्पीकरवर. साहेब म्हणाला, "अहो, पण अभिप्राय तर उत्तम होते! आता बदल नाही."

मी फोन मावशीच्या तोंडाशी धरला.

"साहेब, तुमी येजा. पाठीवर बॅग बांधून येजा. मी तुमच्या मांगं राहीन. माया कापूस तुमच्या बॅगीत, अन् तुमचा घालजा खिशात."

मी फोन परत माझ्याकडे घेतला.

"ताई," साहेब मला म्हणाला, "मग बांधायची कुठे?"

"पोटावर. खाली नाडी, ओढली की मोकळी."

"आणि चेन?"

"चेन तुमच्या पॅन्टला असू द्या."

त्या हशात त्याचं "बरं, तसं शिवा" जवळजवळ बुडालंच होतं. पण मी ऐकलं, पोरीने ऐकलं, आणि अख्ख्या टोळीला साक्षीदार ठेवून मी त्याच्याकडून ते आणखी एकदा वदवून घेतलं.